पी०१३३ आणि पी०१७१ एकत्र आले तर: ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर तो कसा बदलायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ची बीएस-४ गाडी, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत सीएनजी. सव्वा लाख किलोमीटर झालेत. चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर पी०१३३ व पी०१७१ हे दोन कोड आहेत. पेट्रोलवरचं ॲव्हरेज सतरावरून तेरावर आलंय. गॅरेजमध्ये म्हणतात, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत, बदलून टाकू. बदलावेत का? आणि हे काम घरी जमेल का?

दोन्ही बदलू नका. पुढचा बदलावा लागण्याची शक्यता बरीच आहे, पण मागच्या सेन्सरचा या दोन कोडांशी काही संबंध नाही. पुढचासुद्धा तपासल्याशिवाय विकत घेऊ नका, कारण बाजारात इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाहीत.

आधी कोड नेमकं काय सांगतात ते पाहू. पी०१३३ म्हणजे बँक १, सेन्सर १ची प्रतिक्रिया मंद. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला एकच बँक, म्हणजे सिलिंडरची एकच रांग, असते आणि सेन्सर १ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधीचा, पुढचा. मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या नंतर असतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. हा दुसरा कोड सेन्सरच्या बिघाडाचा नाहीच. सेन्सरने दिलेली साक्ष ऐकून ईसीयूने, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकाने, काढलेला तो निष्कर्ष आहे. मग शक्यता दोन उरतात: मिश्रण खरंच लीन आहे, किंवा सेन्सरची साक्ष चुकीची आहे. मिश्रण खरंच लीन असेल तर नवा सेन्सरही तेच सांगेल आणि दिवा आठवड्याभरात परत लागेल. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, कारण स्कॅनरच्या पडद्यावर कोडाखाली 'ओटू सेन्सर' असं लिहून येतं आणि तेवढंच वाचलं जातं.

तुमच्या प्रश्नात एक चांगला धागा आहे, तो म्हणजे ॲव्हरेज. सतराचं तेरा म्हणजे त्याच अंतराला साधारण तीस टक्के जास्त पेट्रोल. हवेची गळती होऊन मिश्रण खरंच लीन झालं असेल, तर ईसीयू पेट्रोल वाढवून ते जागेवर आणतो. गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, डगमगते, पिकअप अडखळतो, पण ॲव्हरेज इतकं कोसळत नाही. मिश्रण बरोबर असताना सेन्सरच 'लीन, लीन' म्हणत राहिला तर मात्र ईसीयू नको असलेलं पेट्रोल ओतत राहतो. बहुतेक गाड्यांत ही वाढ २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ नोंदवतो. तुमचा आकडा या दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो. पण सेन्सरला खोटं बोलायला लावणारी दोन कारणं त्याच्या बाहेरची आहेत: सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती, आणि मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं. म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात स्वस्त तपासणी: प्लग

टाकीत पेट्रोल घाला, सीएनजी बंद करा आणि पन्नासेक किलोमीटर निव्वळ पेट्रोलवर चालवून मग चारही स्पार्क प्लग काढून पाहा. सीएनजीवर प्लग नेहमीच स्वच्छ दिसतात, त्यामुळे ही अट टाळू नका. टोकाचा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढराफटक असेल तर लीन. चारही प्लगवर कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर इंजिन रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चाललंय आणि पी०१७१ हा कोड खोट्या साक्षीवर लागलाय. एकच प्लग काळा किंवा ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. तिथे न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला कळत नाही, म्हणून तो लीन सांगतो. अशा वेळी कॉइल, प्लग, इंजेक्टर बघायचे. सेन्सरचा दोष नाही.

दुसरा साक्षीदार पीयूसीचं यंत्र. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांची हाय आयडलला, म्हणजे २,५०० आरपीएमच्या आसपास, लॅम्डाही मोजायची असते (१ म्हणजे मिश्रण बरोबर, त्याखाली रिच, त्यावर लीन). नियमाप्रमाणे ती ०.९७ ते १.०३च्या मध्ये आणि कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत हवा. पीयूसीवाल्याला नुसतं प्रमाणपत्र नको, आकडे दाखवा म्हणा. लॅम्डा ०.९७च्या खाली आणि सीओ भरपूर असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. प्लग काळे आहेत पण लॅम्डा एकच्या आसपास किंवा वर आहे, तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळतोय आणि बाहेरची हवा आत मिसळतेय. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त असतील तर मिसफायर.

सेन्सर कसा काम करतो, जेवढं तपासायला लागतं तेवढं

तुमच्या गाडीत साधा, नॅरोबँड प्रकारचा झिर्कोनिया सेन्सर आहे. बॉशने बनवलेला लॅम्डा सेन्सर व्होल्वोने १९७६ मध्ये गाडीत बसवला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आतल्या झिर्कोनियाच्या टोपीच्या बाहेरून एक्झॉस्टचा वायू जातो आणि आतल्या बाजूला साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं: रिचला ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीनला ०.१ ते ०.२. मधला ०.४५ व्होल्टचा टप्पा तो झटकन ओलांडतो. किती रिच किंवा किती लीन हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ईसीयू मिश्रण सतत या बाजूला, त्या बाजूला हलवत राहतो, आणि चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज वर-खाली नाचत राहतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. पहिली, हा सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. दुसरी, आतली 'साधी हवा' बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या तारांमधूनच आत जाते. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणं किंवा वायरला डाख लावणं म्हणजे सेन्सरचा श्वास कोंडणं.

हीटर आणि वायरिंग

चार वायर असतात: दोन हीटरच्या, एक सिग्नलची, एक सिग्नलच्या अर्थची. बॉशच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन्ही पांढऱ्या, सिग्नल काळी, अर्थ करडी. डेन्सोमध्ये हीटरच्या दोन्ही काळ्या, सिग्नल निळी, अर्थ पांढरी. हे रंग सेन्सरच्या बाजूचे. गाडीच्या हार्नेसच्या (वायरच्या जुडग्याच्या) बाजूला रंग कुठलेही असू शकतात, त्यावर विसंबू नका. काळी वायर एका कंपनीत सिग्नल आणि दुसरीत हीटर आहे, म्हणजे घोटाळा कुठे होतो ते कळेल.

इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूने हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. नॅरोबँडमध्ये तो साधारण ५ ते १५ ओहम येतो. बॉशच्या नेहमीच्या चार-वायरी सेन्सरला नऊच्या आसपास. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला, पुढे तपासायची गरज नाही. शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट आहे आणि फ्यूजही उडालेला असेल. सिग्नलच्या दोन वायरींवर ओहमचा मीटर लावू नका. त्यातून काही अर्थाचं कळत नाही आणि सेन्सरला इजा होऊ शकते.

मग हार्नेसच्या बाजूने चावी ऑन करून हीटरच्या एका वायरवर बॅटरीचं व्होल्टेज येतंय का ते बघा. इथे नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. गंजलेल्या पिनमधूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की ते कोसळतं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब त्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. लख्ख पेटला तर पुरवठा ठीक. दुसरी वायर ईसीयू स्वतः अर्थ करतो, तीही तुकड्या-तुकड्यांत. ती कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून पिन घालून तपासा. कनेक्टर निघालेला दिसला की काही ईसीयू हीटर बंदच करतात. आणि पी०१३५ व पी०१४१ हे पुढच्या व मागच्या हीटरचे कोड कधी एकत्र दिसले तर पहिल्यांदा फ्यूज बघा. दोन्ही हीटर बहुतेक वेळा एकाच फ्यूजवर असतात आणि दोन सेन्सरचे हीटर एकाच दिवशी जळण्याचा योग विरळा.

आपल्याकडे वायरिंगचे शत्रू दोन: उंदीर आणि पाऊस. बंद सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत उंदीर इंजिनाच्या मागच्या बाजूची वायर कुरतडतात. पुढच्या सेन्सरची वायर फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडून) जात असेल तर पूर्ण लांबीभर हाताने चाचपून बघा. मागच्या सेन्सरचा कनेक्टर गाडीच्या पोटाखाली असतो, साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की त्याच्या पिना हिरव्या पडतात. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आणखी एक जागा: जुन्या पद्धतीच्या किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरला काप देऊन एम्युलेटर, म्हणजे ईसीयूला सेन्सरसारखा सिग्नल देणारी डबी, जोडलेला असतो. टेपने गुंडाळलेला तो जोड काही वर्षांनी सैल होतो आणि सेन्सर चांगला असून मंद दिसतो. टेप सोडून जोड पाहा.

लाइव्ह डेटा, आणि तो कसा फसवतो

ब्लूटूथवरचा साधा ईएलएम३२७ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप या कामाला पुरतं. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून स्कॅनरला सांगायची सोय, सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत हे आकडे मिळतील. फक्त एक खबरदारी: पडद्यावर एकाच वेळी दहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा एक-दोन सेकंदांनी बदलतो आणि उत्तम सेन्सरसुद्धा आळशी दिसतो. बँक १ सेन्सर १चं व्होल्टेज एकटंच निवडा आणि आलेख लावा.

इंजिन पूर्ण गरम करा, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबू द्या. पेट्रोलवर २,५०० आरपीएम धरून ठेवा. सेकंदाला साधारण एक फेरा, ०.२च्या खालून ०.८च्या वर, असं दिसायला हवं. आयडलला फेरे संथ होतात, ते चालतं. व्होल्टेज ०.४५च्या आसपास सरळ रेषेत असेल तर सेन्सर तापत नाहीये किंवा सिग्नलची वायर तुटलीय. जे दिसतंय ते ईसीयूचं स्वतःचं व्होल्टेज आहे. ०.३ ते ०.६ मध्येच लोळत असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. उणे व्होल्टेज दिसत असेल तर आतल्या संदर्भ-हवेत घाण गेलीय, तो सेन्सर संपला.

आता खरी कसोटी. सेन्सरला आपण रिच आणि लीन दाखवायचं आणि तो खरं सांगतो का ते बघायचं. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबा आणि सोडा. दाबल्यावर मिश्रण क्षणभर रिच होतं, व्होल्टेज ०.८च्या वर उडायला हवं. सोडल्यावर इंजेक्टर काही क्षण बंद होतात, निव्वळ हवा बाहेर येते, व्होल्टेज ०.१च्या जवळ पडायला हवं. एवढ्याने खात्री पटत नसेल तर इनटेक मॅनिफोल्डवरची एखादी बारीक व्हॅक्यूम नळी काढा (ब्रेक बूस्टरची जाडी नळी नको, इंजिन बंद पडेल). व्होल्टेज ०.२च्या खाली जायला हवं. मग त्याच नळीच्या तोंडात कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा द्या, व्होल्टेज वर जायला हवं. हा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर पडला तर पेट घेतो. हात लांब, आग विझवायचं साधन जवळ.

दोन्हीकडे ताबडतोब प्रतिसाद मिळाला तर सेन्सर खरं बोलतोय, पैसे वाचवा आणि लीनचं कारण शोधा. रिच करूनही ०.५-०.६च्या वर जात नसेल किंवा दोन-तीन सेकंद घेऊन रेंगाळत वर जात असेल, आणि एक्झॉस्टला गळती नसेल, तर सेन्सर बदला. तुमचे दोन कोड, काळे प्लग आणि घसरलेलं ॲव्हरेज या सगळ्याचं उत्तर त्यात आहे. चांगला सेन्सर लीनकडून रिचकडे १०० मिलिसेकंदांच्या आत उडी मारतो, पण इतकं बारीक मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. मोबाइलच्या आलेखावरून तो निर्णय देऊ नका.

मिश्रण खरंच लीन निघालं तर

ॲपमध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा: शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (शिकलेली) दोन्हींची बेरीज. दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. आयडलला अधिक वीस आणि २,५०० आरपीएमला अधिक पाच अशी उतरत असेल तर हवेची गळती: इनटेक गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये नेणारी) नळी, इंजेक्टरचे ओ-रिंग, ब्रेक बूस्टर. उलट आयडलला ठीक आणि चढावर, भाराखाली वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, दाब.

सीएनजी असणं इथे तुमच्या फायद्याचं आहे. ट्रिम दोन्ही इंधनांवर वेगवेगळी पाहा. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला. वर्षानुवर्षं सीएनजीवर चालवून पेट्रोल नावापुरतं ठेवलं की पेट्रोल इंजेक्टर डिंकाळतात, हे फार होतं. फक्त सीएनजीवर लीन असेल तर रेग्युलेटर, गॅस फिल्टर किंवा गॅस इंजेक्टर. दोन्हींवर सारखंच लीन असेल तर दोन्हींना सामाईक असलेल्या जागा पाहा: हवेची गळती, एक्झॉस्टची गळती आणि सेन्सर.

एक्झॉस्टची गळती शोधायला सकाळी थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डजवळ टिकटिक ऐका, गॅस्केटभोवती काळे ओघळ दिसतात का पाहा. आवाज येत नसेल तरी गळती असू शकते. इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू सायलेन्सरला लावा आणि मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे कुठे येतात ते दिसतं. एक्झॉस्टमध्ये दाब असताना हवा आत कशी येईल, असं बरेच जण विचारतात. दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि हवा आत शिरते. आरपीएम वाढले की हा परिणाम कमी होतो, म्हणून ट्रिमवरून ही गळती इनटेकच्या गळतीसारखीच दिसते. प्लगचा रंग मात्र दोन्हींत वेगळा येतो.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही सांगायला हवं (ई१०मध्ये ते १० टक्के). इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला योग्य प्रमाण १४.७ भाग हवा, ई१०ला साधारण १४.१, ई२०ला १३.५. म्हणजे ई१०वरून ई२०वर आल्यावर ईसीयूला चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं आणि जुन्या गाडीत ट्रिम तेवढी वर सरकते. सेन्सर यात गोंधळत नाही, कारण तो उरलेला ऑक्सिजन मोजतो, इंधन नाही. पण आधीच पंधरावर असलेली ट्रिम एकोणिसावर जाते आणि एरवी झाकली गेलेली छोटी गळती कोड होऊन समोर येते. सतराचं तेरा होण्याला मात्र ई२० पुरत नाही.

सेन्सर घेताना

जुन्या सेन्सरवर कोरलेला पार्ट नंबर वाचून त्याच कनेक्टरसह येणारा सेन्सर घ्या. पुढचा आणि मागचा दिसायला सारखे असले तरी वायरची लांबी आणि कधीकधी हीटर वेगळा असतो. 'युनिव्हर्सल' म्हणून वायर तोडून जोडायचा सेन्सर घ्यावाच लागला तर जोड क्रिम्पने करा, डाख लावू नका, आणि चारही जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घ्या. जुन्या बाजारातला, दुसऱ्या गाडीचा काढलेला सेन्सर कितीही स्वस्त असला तरी नको. हीटरवाल्या सेन्सरचं आयुष्य मुळात दीड लाख किलोमीटरच्या आसपास, त्यातलं किती संपलंय हे बाहेरून कळत नाही. नकली मालही भरपूर आहे. दुकानाच्या काउंटरवरच मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजा. आकडा वेडावाकडा आला किंवा नंबर कोरलेला नसून शाईने छापलेला असला तर तिथेच परत करा.

काढणं आणि बसवणं

आदल्या रात्री सेन्सरच्या मुळाशी, आट्यांवर, पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. हीट शील्ड असेल तर त्याचे बोल्ट आधी काढा, ते बहुधा १० मिमीचे आणि बहुधा गंजलेले असतात. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. पूर्ण थंड मॅनिफोल्डमध्ये सेन्सर जखडलेला असतो, फार गरम असताना आटे सोलवटतात आणि हातही भाजतो; कोमट ते गरमच्या मधली अवस्था हवी. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, स्टँड लावूनच.

सेन्सरचा षट्कोन २२ मिमीचा आणि आटे एम१८ × १.५. वायर बाहेर काढायला खाच असलेला खास सॉकेट मिळतो, पण घट्ट सेन्सरवर त्याची खाच उघडते आणि षट्कोनाचे कोपरे जातात. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा आहे, तर वायर कापा आणि सहा कोनांचा खोल सॉकेट किंवा रिंग पाना घाला. पकड कितीतरी चांगली मिळते. (आधी सगळी मोजमापं घेऊन झालीत ना, याची खात्री करून मगच कात्री लावा.) पाव फेरा सुटला की थोडा परत आवळा, तेल सोडा, पुन्हा सोडवा. एकाच दमात ओढून काढला तर मॅनिफोल्डचे आटेही सोबत येतात. अजिबात हलत नसेल तर मॅनिफोल्डचा बॉस, म्हणजे सेन्सर ज्यात आवळलेला असतो तो जाड भाग, गॅसच्या टॉर्चने तापवावा लागतो. जवळून पेट्रोलची किंवा गॅसची नळी जात असेल तर हे घरी करू नका, गॅरेजमध्ये न्या.

निघाल्यावर टोक पाहा, त्यावरून हा सेन्सर का मेला ते कळतं. फिकट करडं-तपकिरी म्हणजे वयाने गेला. काळी काजळी म्हणजे रिच चालला. काजळीने सेन्सर सहसा कायमचा मरत नाही, मिश्रण सुधारलं की ती जळून जाते. पांढरा, भुकटीसारखा थर म्हणजे सिलिकॉन: अलीकडे कोणीतरी टॅपेट कव्हरला किंवा ऑइलच्या चेंबरला साधं सिलिकॉन लावलंय, सेन्सरला चालणारं नाही. पांढरा, खरखरीत दाणेदार थर आणि सोबत कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. तेलाचा चकाकता, तपकिरी कवचासारखा थर असेल तर इंजिन ऑइल पितंय. शेवटच्या तिन्हींत मूळ कारण आधी मिटवा, नाहीतर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून किंवा ज्वाळेवर धरून 'साफ' करायच्या फंदात पडू नका.

आटे खराब असतील तर एम१८ × १.५चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून हळूहळू फिरवा, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, कन्व्हर्टरमध्ये पडत नाही. नवा सेन्सर जमिनीवर पडला तर आतली सिरॅमिक तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून वेष्टनातून शेवटच्या क्षणी काढा. आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) बहुधा लावूनच येतं, वरून काही लावू नका. नसेल तर सेन्सरसाठीचंच अँटी-सीझ घ्या, फक्त आट्यांवर लावा. टोकाला पुसटसंही लागता कामा नये. हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवा. पहिल्या दोन आट्यांतच अडलं तर तो तिरका जातोय, काढून पुन्हा लावा. शेवटी ४० ते ५० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचा जोर, इतकंच.

कनेक्टर सेन्सर आवळून झाल्यावरच जोडा, नाहीतर वायरला पीळ बसतो. वायर मूळ क्लिपांमधूनच न्या. मोकळी लोंबली तर मॅनिफोल्डला टेकून वितळते. कनेक्टरवर डब्ल्यूडी-४० किंवा सिलिकॉन स्प्रे मारायची सवय इथे बाजूला ठेवा.

नंतर

कोड पुसा आणि स्कॅनरमध्ये सोय असेल तर शिकलेल्या ट्रिमही शून्यावर आणा. नाहीतर ईसीयू जुन्या अधिक पंचवीसच्या हिशोबाने काही काळ पेट्रोल ओतत राहील आणि सेन्सर बदलूनही फरक नाही असं वाटेल. पहिले पन्नास-शंभर किलोमीटर पेट्रोलवर चालवा, त्यात काही अंतर हायवेवर एकसारख्या वेगाने. मग सीएनजीवर तेवढंच. दोन्हींवर लाँग टर्म ट्रिम दहाच्या आत स्थिरावली पाहिजे. पीयूसीला घाई करून जाऊ नका, ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याचं ॲपमध्ये दिसू द्या.

मागच्या सेन्सरचा आलेख याच वेळी बघून ठेवा. २,५०० आरपीएमला तो ०.६ ते ०.८ व्होल्टवर जवळपास स्थिर असला तर कन्व्हर्टर काम करतोय आणि मागचा सेन्सरही धडधाकट आहे. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर काही दिवसांत पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, येईल. तेव्हाही कोणी मागचा सेन्सर बदला म्हणालं तर बदलू नका. बरेच महिने रिच चालल्यामुळे कन्व्हर्टर आतून तापून निकामी झालेला असतो आणि मागचा सेन्सर फक्त ते सांगत असतो.

हे सगळे व्होल्टेजचे आकडे तुमच्यासारख्या नॅरोबँड गाडीचे आहेत. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड, म्हणजे मिश्रण किती रिच किंवा किती लीन तेही सांगणारा, असतो. बॉशच्या पाच वायरींच्या प्रकारात साध्या मल्टिमीटरने काही कळत नाही, स्कॅनरवर लॅम्डा वाचावी लागते आणि हीटरचा रोधही तीनेक ओहमच असतो. डेन्सोच्या चार वायरींच्या प्रकारात योग्य मिश्रणाला स्कॅनरवर ३.३ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि लीन झाल्यावर आकडा वर जातो, नॅरोबँडच्या अगदी उलट. त्या गाडीत आकडा नाचत नाही म्हणून सेन्सर गेला असं ठरवलं तर चांगला, महाग सेन्सर कचऱ्यात जाईल.